उष्ण गावात बर्फाचे दुकान

गिऱ्हाईक का आले नाही, असे विचारले की दुकानदाराजवळ जबाब तयार असतो. पाऊस लांबला, सण पुढे गेला, रस्ता खोदून ठेवला आहे. कधी ही सबब खरी असते. पुष्कळदा मात्र ती हिशेबाची वही न उघडण्याचे निमित्त असते. आज आम्ही एका अशा धंद्याची तपासणी करणार आहोत, ज्यात हवामानाची सबब ऐकताक्षणी पटते. तो धंदा म्हणजे अमेरिकेतील उष्ण शहरांत चालणारी बर्फावरची हॉकी.

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान आणि ध्यानचंद डोळ्यांसमोर येतात. तिकडची हॉकी निराळी. बंद इमारतीत 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद जागेत बर्फाचा थर गोठवतात. जाडी जेमतेम एक इंच. खालच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरलेल्या असतात आणि त्यांतून थंड मिठाचे पाणी सतत फिरते. खेळाडू पायांत पाती लावलेले बूट घालून घसरत धावतात आणि चेंडूऐवजी रबराची चकती मारतात. बाहेर कितीही ऊन असले तरी आत बर्फ टिकतो. म्हणजे माल तयार करण्यात अडचण नाही. अडचण आहे ती माल खपवण्यात.

या खेळाची सर्वांत मोठी संस्था नॅशनल हॉकी लीग 1917 साली कॅनडात स्थापन झाली. 1967 च्या आधीची पंचवीस वर्षे तिच्यात फक्त सहा संघ होते आणि ते सगळे थंड शहरांतले. त्या वर्षी एकदम बारा झाले आणि त्यांत लॉस एंजेलिससारखे उबदार शहर आले. आज संघ 32 आहेत. अमेरिकन फुटबॉलला टेलिव्हिजनकडून मिळतो तसा अफाट पैसा हॉकीला मिळत नाही. तिचा गल्ला मोठ्या प्रमाणात दारावरच्या तिकिटांवर भरतो. एका हंगामात घरच्या मैदानावर चाळीसच्या वर सामने होतात. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की पेढी बुडते.

हवामानाचा खरा हिशेब

आता सबब तपासू. ॲरिझोना राज्यातील फिनिक्स हे वाळवंटातले शहर. 2023 च्या उन्हाळ्यात तेथे सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला. अशा ठिकाणी बर्फाचा खेळ कोण पाहणार, असे वाटणे साहजिक आहे. पण हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन जूनपर्यंत संपतो. म्हणजे बहुतेक सामने थंडीच्या महिन्यांत पडतात आणि त्या दिवसांत फिनिक्सची हवा अतिशय सुखाची असते. गिऱ्हाईक उन्हाला भिऊन घरी बसते, ही गोष्ट खरी नाही. उलट तेव्हा ते बागेत असते, गोल्फच्या मैदानावर असते, मार्चमध्ये बेसबॉलचे सराव सामने पाहत असते. कॅनडात जानेवारीत बाहेर बर्फ साचलेला असतो आणि संध्याकाळी करण्यासारखे फारसे काही नसते. उष्ण शहरात त्याच संध्याकाळी दहा दुकाने उघडी असतात. ऊन हे कारण नाही. स्पर्धा हे कारण आहे.

दुसरे कारण सवयीचे. कॅनडातील मूल गोठलेल्या तळ्यावर फुकट खेळायला शिकते. बाप खेळलेला असतो, आजा खेळलेला असतो. खेळलेला माणूस जन्मभर पाहणारा होतो. वाळवंटात तळे गोठत नाही. तेथे बर्फाच्या मैदानाचे तासाप्रमाणे भाडे भरावे लागते, शिवाय बूट, काठी, गुडघ्या-छातीचे चिलखत यांचा खर्च निराळा. म्हणून गिऱ्हाईक आपोआप तयार होत नाही, ते तयार करावे लागते.

तिसरे कारण गमतीचे आहे. फिनिक्समध्ये आणि फ्लॉरिडात उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेली माणसे पुष्कळ. शिकागो किंवा डेट्रॉईटचा माणूस हॉकी जाणतो, तिकीटही काढतो, पण आपला जुना संघ गावात येतो त्याच दिवशी, आणि अंगात त्याच जुन्या संघाचा सदरा घालून. दुकान त्या दिवशी भरलेले दिसते, पण गिऱ्हाईक दुसऱ्याचे असते.

केवळ थंडीने धंदा चालत असता तर थंड शहरांतून एकही संघ गेला नसता. 1993 साली मिनेसोटाचा संघ डॅलसला गेला, 1995 साली क्वेबेकचा डेन्व्हरला, 1996 साली विनिपेगचा फिनिक्सला, 1997 साली हार्टफोर्डचा नॉर्थ कॅरोलायनाला. ही चारही गावे चांगली थंड आहेत.

फिनिक्स: एका पेढीची हकीकत

विनिपेगहून फिनिक्सला आलेल्या संघाचे नाव कायोटीज ठेवले. पहिले घर मिळाले ते बास्केटबॉलसाठी बांधलेले. बास्केटबॉलचे मैदान लहान, हॉकीचे लांब. त्यामुळे हजारो खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल नीट दिसतच नसे. पैसे घेऊन अर्धा माल दाखवण्यासारखाच हा प्रकार.

मग 2003 च्या अखेरीस ग्लेनडेल या पश्चिमेकडील उपनगरात नवी इमारत मिळाली. इमारत उत्तम, पण तिकीट परवडणारी आणि खेळाची आवड असलेली वस्ती बहुतांशी पूर्वेला, स्कॉट्सडेलच्या बाजूला. अंतर चाळीस किलोमीटरच्या घरात. कामाच्या दिवशी संध्याकाळच्या गर्दीत गाडी हाकत मुलाबाळांना घेऊन कोण जाणार? गिऱ्हाईक पूर्वेला आणि दुकान पश्चिमेला, अशी ही मांडणी झाली.

2009 साली मालकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. एक कॅनेडियन उद्योगपती संघ विकत घेऊन कॅनडात नेऊ पाहत होता. न्यायालयाने ते होऊ दिले नाही आणि शेवटी लीगनेच संघ विकत घेतला. संघ चालू राहावा म्हणून ग्लेनडेल नगरपालिकेने दोन हंगामांसाठी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर मोजले. त्याच काळात, 2012 साली, संघ खेळात चांगलाच चमकला आणि विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. पण वर्तमानपत्रात रोज एकच प्रश्न: संघ राहणार की जाणार? ज्या दुकानाला उद्या टाळे लागेल अशी बोलवा आहे, तेथे वर्षभराचे पैसे आगाऊ कोण भरील? हंगामी तिकीट म्हणजे आगाऊ रक्कमच. ती भरवशावर मिळते.

2015 साली नगरपालिकेने भाडेकरार मोडण्याचा ठराव केला. 2022 साली संघाला ग्लेनडेल सोडून टेम्पी येथील विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार खुर्च्यांच्या इमारतीत जावे लागले. मे 2023 मध्ये टेम्पीच्या मतदारांनी नव्या इमारतीची योजना नाकारली. 17 एप्रिल 2024 रोजी कायोटीज शेवटचा सामना खेळले आणि एडमंटनविरुद्ध 5-2 असा जिंकले. त्यानंतर 1.2 अब्ज डॉलरच्या सौद्यात खेळाडू आणि सारा बाडबिस्तरा यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीला गेला.

या हकीकतीतील सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. स्कॉट्सडेलमध्ये वाढलेला ऑस्टन मॅथ्यूज नावाचा मुलगा लहानपणी कायोटीजचे सामने पाहून हॉकीला लागला. 2016 साली लीगच्या निवडीत तो सर्व नवोदितांत पहिल्या क्रमांकावर घेतला गेला, टोरंटोच्या संघाकडून. वाळवंटात गिऱ्हाईक उगवत नव्हते, असे म्हणता येणार नाही. पीक हाती येऊ लागले होते, पण वीस वर्षे खालची जमीनच डळमळत होती.

टँपा: तेच ऊन, निराळा हिशेब

फ्लॉरिडातील टँपा शहरात समुद्र आहे, ताडाची झाडे आहेत आणि बर्फ जवळजवळ कधीच पडत नाही. लाइटनिंग नावाचा संघ तेथे 1992 साली सुरू झाला. सुरुवातीला जत्रेच्या मैदानावरील एका लहान सभागृहात खेळला, मग शेजारच्या सेंट पीटर्सबर्ग येथील बेसबॉलच्या भव्य इमारतीत. एप्रिल 1996 मध्ये एका सामन्याला तेथे 28,183 लोक आले. म्हणजे गावात ओढ होती. त्याच वर्षी भर शहरात स्वतःची इमारत झाली. पण मालक दूरचे आणि कर्जात बुडालेले, म्हणून घडी विस्कटली. 2004 साली संघाने स्टॅनली कप जिंकला, तरी मालकीचा घोळ पुन्हा झालाच.

2010 साली जेफ व्हिनिक यांनी संघ घेतला. त्यांनी काय केले ते व्यापाऱ्याने मन लावून वाचावे. प्रथम इमारत दुरुस्त केली. हंगामी तिकीट घेणाऱ्यांना संघाचा सदरा दिला. त्यात बसवलेल्या चिपमुळे खाण्यापिण्यावर आणि वस्तूंवर सवलत मिळे. त्या सवलतीसाठी गिऱ्हाईक तो सदरा घालून येई आणि सारी इमारत एका रंगात दिसे. सूट दिली आणि जाहिरातही झाली. 2011 पासून प्रत्येक घरच्या सामन्याला समाजात काम करणाऱ्या एका स्थानिक माणसाचा सन्मान करून 50,000 डॉलर धर्मादाय संस्थांसाठी देण्याची प्रथा सुरू केली. शाळांतून मुलांना काठ्या आणि चेंडू वाटले, म्हणजे बर्फ नसला तरी डांबरावर खेळता येईल. तळे गोठत नाही ना, मग रस्ता आहे. 2015 साली मोठ्या सामन्यांची तिकिटे फ्लॉरिडाच्या रहिवाशांपुरती राखून बाहेरच्या गर्दीलाही आवर घातला.

खेळही चांगला झाला. 2020 आणि 2021 साली लागोपाठ कप मिळाला. सामन्यांना खुर्च्या भरू लागल्या. टँपाचे ऊन जागच्या जागी आहे.

आणखी तीन गावे

अटलांटाने दोनदा संघ गमावला. पहिला 1980 साली कॅनडातील कॅलगरीला गेला. दुसरा 1999 साली सुरू झाला. त्याचे भागीदार आपसात कोर्टकचेरी करत बसले. अकरा हंगामांत संघ बाद फेरीत फक्त एकदा, 2007 साली पोहोचला आणि तेथे चारही सामने हरला. 2011 साली तो विनिपेगला गेला. विनिपेगमध्ये 13,000 हंगामी तिकिटे चार-पाच दिवसांत खपली. पण तेथेही 2024 पर्यंत हा आकडा सुमारे 9,500 वर आला. थंडी कायम होती, तरी गिऱ्हाईक घटले.

मायामीजवळील सनराइजचा पँथर्स संघ वर्षानुवर्षे हरत होता आणि खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून फुकट व स्वस्त तिकिटे वाटली जात. नव्या मालकांनी ती प्रथा आवरली तेव्हा उघडे पडले. ऑक्टोबर 2014 मध्ये एका सामन्याला फक्त 7,311 लोक होते. लाज वाटण्यासारखाच आकडा, पण खरा. त्या खऱ्या आकड्यावर पुढची उभारणी झाली आणि 2024 व 2025 साली संघाने कप जिंकला.

लास व्हेगास हेही वाळवंट. तेथे संघ मागणाऱ्यांनी 2015 साली आधी अनामत घेऊन तेरा हजारांवर हंगामी तिकिटांची मागणी नोंदवली आणि मगच लीगपुढे हात पसरला. गावात तोवर कोणत्याच मोठ्या खेळाचा संघ नव्हता. 1 ऑक्टोबर 2017 रोजी तेथे भीषण गोळीबार झाला. नऊ दिवसांनी घरचा पहिला सामना होता. मदतीला धावलेल्या माणसांना खेळाडूंनी सोबत बर्फावर आणले. त्या रात्रीपासून संघ गावाचा झाला. 2023 साली त्याने कप जिंकला.

आपण काय घ्यावे

एक. जागा स्वस्त की महाग हे नंतर, प्रथम गिऱ्हाईक कोणत्या रस्त्याने घरी जाते ते पाहावे.

दोन. ज्या मालाची गावाला सवय नाही, त्याची सवय लावण्याचा खर्च भांडवलात धरावा. तो पाच-दहा वर्षांचा असतो, आणि मुलांपासून सुरू होतो.

तीन. फुकट वाटलेल्या मालाची गर्दी ही विक्री नव्हे. ती वहीत जमा धरू नये.

चार. भागीदारांचे भांडण दुकानाच्या पायरीखाली उतरू देऊ नये. दुकान राहणार की जाणार ही शंका पसरली की आगाऊ रक्कम आणि उधारी दोन्ही बंद होतात.

पाच. नवीन गावात पाय टाकण्याआधी शक्य असेल तर मागणी नोंदवून घ्यावी. लोक हो म्हणतात ते तोंडाने. अनामत देतात तेव्हा ते खरे.

नवे नशीब सर्वांनाच मिळत नाही आणि हरणारा संघ कोणत्याही हवेत रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळतो, हेही आम्ही नाकारत नाही. पण फिनिक्स आणि टँपा यांच्या डोक्यावरचे ऊन सारखेच होते. यंदा मंदी आहे असे म्हणून गल्ला बंद करण्याआधी आपणही एकदा पाहावे की त्याच बाजारात, त्याच मंदीत, समोरच्या दुकानावर गर्दी तर नाही ना?