ऑक्टोपसची मोजदाद

मत्स्यसाठ्याचा अंदाज बांधताना शास्त्रज्ञ प्रथम माशांचे वय पाहतात. बहुतेक माशांच्या कानातील चुनकट खड्यावर, म्हणजे कर्णाश्मावर, वर्षागणिक वलये उमटतात. त्यांवरून कोणत्या वयाचे किती मासे शिल्लक आहेत याचा हिशेब मांडता येतो. ऑक्टोपसच्या बाबतीत ही वाट फारशी उपयोगी पडत नाही. अनेक जातींचे आयुष्यच मुळी एक-दीड वर्षाचे. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, ती फुटेपर्यंत त्यांची राखण करते आणि मरते. त्यामुळे गतवर्षीची शिल्लक अशी जवळजवळ उरतच नाही.

मग अंदाज पकडीवरूनच करावा लागतो. समजा, एका खडकाळ पट्ट्यावर आरंभी दर माणशी दिवसाला 10 ऑक्टोपस मिळत होते आणि एकूण 100 काढल्यावर हे प्रमाण 8 वर आले. 100 काढल्याने पाचवा हिस्सा घटला. तेव्हा मूळची संख्या 500 च्या आसपास असली पाहिजे. गणित सोपे आहे, अटी मात्र कठीण. मधल्या काळात बाहेरून नवे ऑक्टोपस येता कामा नयेत, आणि किती माणसांनी किती वेळ शिकार केली याची नोंद चोख हवी.

ही दुसरी अट किती महत्त्वाची आहे, हे मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर दिसून आले. तेथे वेझो लोक, विशेषतः स्त्रिया, ओहोटीच्या वेळी प्रवाळखडकांवर पायी हिंडून बिळांतील ऑक्टोपस भाल्याने टिपतात. 2004 मध्ये आंदावादोआका गावाने आपला एक पट्टा सात महिन्यांसाठी शिकारीस बंद केला. पुढे इतर गावांनीही तोच मार्ग धरला. अशा 36 बंदींचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदीपूर्वीच्या 30 दिवसांच्या तुलनेने, बंदी उठल्यानंतरच्या 30 दिवसांत एकूण पकड 718 टक्क्यांनी वाढली होती. आकडा डोळे दिपवणारा खरा. परंतु दर माणशी पकड वाढली ती 87 टक्क्यांनी. बाकीची वाढ मुख्यतः खडकावर लोटलेल्या माणसांच्या गर्दीची होती. शिवाय पकड तोलली जाते ती वजनावर. बंदीच्या काळात ऑक्टोपस संख्येने वाढले की नुसते अंगाने, हे ठरविण्यासाठी किनाऱ्यावर नग मोजून प्रत्येकाचे वजनही निराळे टिपावे लागते.