कृष्णाकाठ : औदुंबर ते खिद्रापूर



दत्तभक्तहो, वाडीला आपण सगळेच जातो. दर्शन, प्रदक्षिणा, पेढे-बासुंदी, की लगेच परतीची गाडी! निवृत्तीनंतर मी मात्र हे खोरे नदीच्या क्रमाने पाहिले. मी कॉमर्सचा माणूस, इतिहासाचा पंडित नव्हे. पण जमा आणि नावे दोन्ही बाजू वाचल्याशिवाय खाते कळत नाही, एवढे बँकेने शिकवले.

सुरुवात औदुंबरपासून करावी. श्रीनृसिंहसरस्वती स्वामींनी इथे एक चातुर्मास केला. शांत डोह, घाट, नि पैलतीरी भुवनेश्वरीचे देऊळ. पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. तिथले संगमेश्वराचे दर्शन चुकवू नये.

मग नृसिंहवाडी. इथे पंचगंगा येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती, या पाचांची ती पंचगंगा. महाराजांचे इथे बारा वर्षे वास्तव्य झाले. गाभाऱ्यात मूर्ती नाही, मनोहर पादुका आहेत.

खाली खिद्रापूरला कोपेश्वर. शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले हे शिवालय. स्वर्गमंडपाला ४८ खांब, आणि छताच्या मधोमध गोल मोकळे आकाश! समोर नंदी नाही, हेही नीट पाहा. यादव राजा सिंघणाचा शिलालेखही इथे आहे.

आता हिशेब. जमेला काय? नदीने आणून टाकलेली काळी कसदार माती. ऊस, भाजीपाला, कृष्णाकाठची वांगी, सगळी तिचीच देणगी. आणि नावे? २००५, २०१९, २०२१ चे महापूर. कृष्णा फुगली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते आणि शिरोळ तालुक्यातल्या शिवारात पसरते.

वाडीचा दक्षिणद्वार सोहळा इथेच समजून घ्यावा. पुराचे पाणी उत्तरेच्या दाराने आत येते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या स्नानाला आपण धावत जातो. त्याच पाण्याकडे बघून नदीकाठचा शेतकरी गोठ्यातली जनावरे सोडायची तयारी करतो. पीककर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे बसलो. पूर ओसरल्यावर चिखलाच्या पायांनी आलेली माणसे पाहिली आहेत. त्यांच्यातले बरेच जण वाडीचेच भक्त होते. 'महाराजांनी पाय धुतले, आमचं रान धुतलं,' असे एक जण हसत म्हणाला होता. सही करताना हात मात्र थरथरत होता.

म्हणून विनंती एवढीच. दत्तजयंतीनंतर, थंडीत, पाणी निवळलेले असताना हे खोरे सवडीने पाहा. निर्माल्य आणि प्लॅस्टिक नदीत टाकू नका. काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, 'आजोबा, पाणी कुठवर आलं होतं?' तो भिंतीवरची खूण दाखवील. त्या खुणेलाही हात जोडून मग गाडीत बसा.