पापणीची सूज : रांजणवाडी आणि इतर कारणे

पापणीची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा होय. तिची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते. तिच्याखालील भाग सैल असल्याने तेथे थोडासा द्रव साचला तरी डोळा मिटून जातो. यास्तव सूज मोठी दिसली म्हणजे आजार मोठा, असे नाही. आणि न दुखणारी सूज नेहमी निरुपद्रवी असते, असेही नाही.

सर्वपरिचित कारण म्हणजे रांजणवाडी. पापणीच्या केसांच्या मुळाशी असलेल्या सूक्ष्म ग्रंथीत, बहुधा स्टॅफिलोकॉकस जंतूंचा, संसर्ग होऊन पू धरतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडके बुडवून, पिळून, ते मिटलेल्या डोळ्यावर दिवसातून तीन-चार वेळा 10 ते 15 मिनिटे धरावे. एवढ्यानेच बहुतेक रांजणवाड्या एक-दोन आठवड्यांत बऱ्या होतात. त्या दाबून पू काढू नये. संसर्ग आजूबाजूस पसरतो. लवंग उगाळून लावण्याची प्रथा अनेक घरांत आहे, पण डोळ्यात गेलेल्या लवंगेने बुबुळाचा दाह होतो. एकाच डबीतील काजळ साऱ्या घराने वापरणेही अनिष्टच. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू व मोतीबिंदू होण्याचा धोका असतो. वारंवार रांजणवाडी होणाऱ्या प्रौढाने रक्तातील साखर तपासून घ्यावी.

पापणीतील तेलग्रंथीचे तोंड बंद झाल्यास न दुखणारी कडक गाठ होते. शेकाने न गेल्यास ती लहानशा शस्त्रक्रियेने काढतात. उतारवयात त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवली, तर ती कर्करोगाची नाही ना, हे तपासावे लागते. खाज असेल, तर कारण बहुधा वावडे किंवा कीटकदंश.

शिक्षकांनी एक लक्षण विशेष ध्यानी ठेवावे. मुलाच्या दोन्ही डोळ्यांभोवती रोज सकाळी सूज असते, दुपारपर्यंत ती ओसरते, खाज वा लाली नसते. घरची मंडळी झोपेला दोष देतात. वस्तुतः मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असण्याचा तो संभव असतो. लघवीच्या साध्या तपासणीत ते कळते.

याहून तातडीची अवस्था म्हणजे सूज डोळ्याच्या खोबणीत उतरणे. सर्दीनंतर नाकालगतच्या पोकळ्यांतील संसर्ग तेथे पोचतो. ताप, डोळा हलविताना वेदना, डोळा पुढे येणे, दृष्टी अंधूक होणे यांपैकी काहीही दिसल्यास मुलास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. विलंबाने दृष्टी जाऊ शकते आणि संसर्ग मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो.