खंजिरीचा नाद

मूर्तिजापूर तालुक्यातील एखाद्या खेड्यात दिवसभराची कामे आटोपली, गुरे गोठ्यात बांधली गेली, जेवणेखाणे उरकली, की देवळाच्या ओट्यावर मंडळी जमतात. कोणी पेटी पुढे ओढतो, कोणी टाळ घेतो आणि एकाच्या हाती असते खंजिरी. लाकडी कड्याला एका बाजूने कातडे ताणून बसविलेले, कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या ओवलेल्या, असे हे लहानसे वाद्य. त्याला ना मोठी किंमत, ना वाहून नेण्याची अडचण. पण या वाद्याच्या तालावर वऱ्हाडातील खेडीच्या खेडी जागी झाली.

याच तालुक्यातील दापुरे गावी, आपल्या आजोळी, डेबूजी नावाचा एक मुलगा गुरे राखीत आणि शेतात राबत वाढला. भजनाचा त्याला फार छंद. तोच पुढे गाडगेबाबा म्हणून प्रसिद्ध झाला. भजनातून लोकांना शहाणे करण्याचा हाच मार्ग वऱ्हाडच्या आणखी एका सुपुत्राने धरला. ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

त्यांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. घरची अत्यंत गरिबी. त्यामुळे शाळेतील शिक्षण थोडक्यातच संपले. परंतु गळा गोड होता आणि मन भजनात रमलेले होते. वरखेडच्या आडकोजी महाराजांना त्यांनी गुरू मानले. गुरूंनी माणिकला ‘तुकड्या’ म्हटले आणि तेच नाव पुढे त्यांच्या भजनांत उमटू लागले.

ते दुसऱ्यांची पदे गाऊन थांबले नाहीत. मराठीत आणि हिंदीत ते स्वतः भजने रचू लागले. भाषा साधी, चाल सोपी. देवाचे नाव तर त्यांत असेच. पण अस्पृश्यता सोडा, व्यसने टाका, गाव स्वच्छ ठेवा, असेही ते गाऊन सांगत. महाराज चरण गात, साथीदार ध्रुपद उचलीत आणि पाहता पाहता समोर बसलेले श्रोतेही त्यांत सूर मिळवीत. ऐकणारा गाणारा होई, हेच त्या भजनाचे खरे सामर्थ्य होते.

१९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. १९३६ साली ते सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात राहिले. त्यानंतर त्यांच्या भजनांत स्वातंत्र्याचा सूर अधिकच घुमू लागला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक उठली आणि चिमूर, आष्टी येथे लोकांनी उठाव केला. खंजिरी वाजविणाऱ्या या गायकाचीही सरकारला धास्ती वाटली. त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

गायक एकटा असेल, तर त्याला कोंडताच गाणे थांबते. पण गाणे गावाचे झाले, तर गावोगावचे कंठ कोण कोंडणार? महाराजांचे गाणे असे गावाचे झाले होते. १९४३ साली श्री गुरुदेव सेवा मंडळाची स्थापना झाली आणि त्या गाण्याला संघटनेचे बळ मिळाले. मंडळाच्या शाखा खेड्यापाड्यांत पसरल्या. सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून सामुदायिक प्रार्थना करावी, भजन म्हणावे आणि गावाच्या सेवेला लागावे, अशी शिस्त लोकांना लागली.

खेड्यांच्या उन्नतीचा विचार त्यांनी ‘ग्रामगीता’ या ओवीबद्ध ग्रंथात मांडला. १९५५ साली ते जपानमधील जागतिक परिषदेस गेले. शाळा लवकर सुटलेल्या यावलीच्या मुलाचा आवाज सातासमुद्रांपलीकडे पोहोचला.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांचे खरे स्मारक देवळाच्या ओट्यावर आहे. तेथे एखादा शेतकरी दिवसाचा शीण विसरून खंजिरीवर थाप मारतो, एक जण चरण म्हणतो आणि मागून अनेक कंठांतून ध्रुपद उमटते.

स्वाध्याय

१. तुकडोजी महाराजांची भजने लोकांच्या तोंडी सहज का बसली?
२. ‘गावोगावचे कंठ कोण कोंडणार?’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील भजनी मंडळाची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.