हातावरचा टेस्ट डोस किती भरवशाचा?

प्रश्न : आईच्या फाइलवर लाल शाईत ‘पेनिसिलीन अ‍ॅलर्जी’ लिहिलेलं आहे. लहानपणी औषधानंतर अंगावर पुरळ उठलं होतं, एवढंच तिला आठवतं. आता गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. ‘टेस्ट डोस देऊन बघू,’ असं सिस्टर म्हणाल्या. त्यावर विसंबावं का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नुसत्या टेस्ट डोसवर नको. पण आधी आईला ती अ‍ॅलर्जी आज आहे तरी का, हे पाहायला हवं. नसण्याचीच शक्यता जास्त. अमेरिकेत दहातला एक रुग्ण पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगतो. रीतसर तपासलं की त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जणांना ते औषध बिनघोर चालतं. मुलांना विषाणूंमुळे ताप येतो, अँटिबायोटिक सुरू होतं, दोन-चार दिवसांनी तापाचंच पुरळ उठतं आणि खापर औषधावर फुटतं. ज्यांना खरोखर अ‍ॅलर्जी होती, त्यांच्यातही सुमारे ८० टक्के जणांची ती दहा वर्षांत ओसरते. फाइलवरची लाल शाई तेवढी ओसरत नाही.

आता टेस्ट डोस. हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध सोडायचं, भोवती बॉलपेनने गोल काढायचा आणि थोड्या वेळाने लाली बघायची. यात तुलनेला काहीच नसतं. औषध दाट असेल तर ते कातडीला नुसतं झोंबूनही लाली येते आणि चांगलं औषध बाद होतं. उलट, हात स्वच्छ दिसला म्हणून पुढचं इंजेक्शन सुरक्षित, असंही नाही. पूर्वी कधी त्रास न झालेल्या माणसालाही सरसकट टेस्ट डोस देण्याची आपल्याकडची प्रथा, माझ्या मते, बंद व्हावी. तिचा उपयोग रुग्णापेक्षा केसपेपरलाच अधिक होतो.

अ‍ॅलर्जीतज्ज्ञ सुईच्या आधी प्रश्न विचारतात. कोणतं औषध? किती वेळात त्रास सुरू झाला? पित्ताच्या गांधी होत्या की बारीक पुरळ? ओठ सुजले, धाप लागली, चक्कर आली का? मग हातावर वेगवेगळे थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात : औषध, हिस्टामीन आणि सलाईन. पंधरा-वीस मिनिटांत हिस्टामीनच्या जागी गांध उठलीच पाहिजे, सलाईनच्या जागी उठता कामा नये. हिस्टामीनचीच गांध उठली नाही, तर चाचणी बाद. बहुतेकदा रुग्णाने आदल्या दिवशी सेट्रिझिन घेतलेली असते. म्हणून अशा गोळ्या डॉक्टरांना विचारून साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात. टोचून काही दिसलं नाही, तर मोजून पातळ केलेलं औषध कातडीत देतात. तेही निभावलं, की अमॉक्सिसिलीन तोंडाने देऊन निदान तासभर समोर बसवून ठेवतात, अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी ठेवून. खरा निकाल या शेवटच्या पायरीचा. जुनं, साधं पुरळ असेल तर हल्ली काही देशांत कातडीची चाचणी वगळून थेट हीच पायरी घेतात. हा प्रयोग घरी मात्र करायचा नाही.

ही पद्धत पेनिसिलीनच्या कुळासाठी उत्तम बसलेली आहे. वेदनाशामक गोळ्यांच्या बहुतेक रिअ‍ॅक्शन कातडीच्या चाचणीत सापडत नाहीत. रक्त देऊन एका फटक्यात सगळ्या औषधांची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या पॅकेजवर पैसे घालवू नका. आणि औषधाने अंगावर फोड येऊन कातडी सोलवटली असेल, तोंड-डोळे चिघळले असतील, तर त्या औषधाची चाचणीही नाही आणि ते औषधही पुन्हा कधी नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी संसर्ग टाळायला सहसा सेफाझोलिन देतात. अ‍ॅलर्जीच्या शिक्क्यामुळे ते टाळून दुसरं औषध दिलं जातं आणि अशा रुग्णांत जखमेच्या संसर्गाचं प्रमाण जास्त आढळलं आहे. वास्तविक सेफाझोलिनची रचना वेगळी असल्याने पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांनाही ते चालतं. तेव्हा हा विषय ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नको, आत्ताच सर्जन आणि भूलतज्ज्ञांकडे काढा. घरातल्या थोरल्यांना त्या वेळचं काय आठवतं ते विचारून एका कागदावर लिहून न्या. तपासणीत अ‍ॅलर्जी नाही असं ठरलं, तर तसं लेखी घ्या आणि फाइलवरचा तो शेरा डॉक्टरांकडूनच खोडून घ्या.