गुडघा आणि बारा नावे

हंगाम संपला की पुढच्या संघाची बारा नावे ठरतात. त्यांत दुखापतग्रस्त खेळाडू धरायचा का?

13 जून 2019 रोजी एनबीएच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनच्या डाव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. तरी तो लंगडत परतला आणि दोन्ही फ्री थ्रो टाकून गेला. धाडस खरे, छात्रांनी अनुकरण मात्र करू नये! नोव्हेंबर 2020 मध्ये त्याच्या उजव्या टाचेची शीर तुटली. तो पुन्हा सामना खेळला थेट 9 जानेवारी 2022 रोजी. मधल्या एका हंगामात संघ 50 सामने हरला. पण त्याच रिकाम्या जागेत जॉर्डन पूल हा नवखा तयार झाला आणि 2022 चे विजेतेपद आले.

मुलींना ही दुखापत अधिक होते. पंडरीजवळच्या भिलाईत राजेश पटेल यांनी मुलींचे नामांकित संघ घडवले, तेव्हा आपल्याकडे हे माहीत हवेच. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत खेळल्यास गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच वाढतो. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी, दोन्ही चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हव्यात. पालकांनी फिजिओथेरपिस्टकडे हीच मापे मागावीत. तोवर ते नाव बारांत नको. त्या जागी सुटीतल्या सरावापासूनच दुसऱ्याला खेळवावे.