मेंदूच्या लहरी आणि कानामागील यंत्र

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांत एक बाप आपल्या झटके येणाऱ्या मुलाला प्रभूकडे घेऊन येतो. याला हें केव्हांपासून होत आहे, असें प्रभु त्या बापालाच विचारतो. अपस्माराच्या रोग्याविषयीं आजचा वैद्यहि घरच्या माणसांनाच विचारतो. कारण झटक्याच्या वेळीं रोगी बहुधा शुद्धीवर नसतो. झोपेंत आलेला झटका तर आईबापांनाहि पुष्कळदां कळत नाहीं. मग औषध वाढवावें कीं नाहीं, हें वैद्यानें कशावरून ठरवावें?

साक्ष देऊं शकेल तो मेंदूच. येना येथील हान्स बेर्गर या जर्मन वैद्यानें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युल्लहरींची नोंद प्रथम घेतली व १९२९ मध्यें ती प्रसिद्ध केली. डोक्याच्या कातडीवर या लहरी बहुधा १० ते १०० मायक्रोव्होल्टच भरतात. विजेरींतील साध्या सेलचा दाब याच्या निदान पंधरा हजारपट असतो.

इस्पितळांत डोक्यावर वीसएक ठिकाणीं धातूच्या चकत्या लावून, रोग्याला स्वस्थ निजवून ही नोंद घेतात. परंतु झटका कांहीं इस्पितळाची वेळ पाहून येत नाहीं! म्हणून कानामागें चिकटवून घरीं वागवितां येतील अशीं लहान यंत्रें निघालीं आहेत. त्यांत चकत्या दोनचारच असल्यामुळें मेंदूच्या दूरच्या भागांतील झटका त्यांतून निसटण्याचा संभव असतो.

खरी अडचण पुढेंच आहे. यंत्र सेकंदाला शेंकडों वेळां दाब मोजतें, पण त्या आंकड्यांत मेंदूबरोबर इतरहि पुष्कळ गलबला मिसळलेला असतो. घरांतील विजेच्या तारांची सेकंदाला ५० कंपनांची गुणगुण गणितानें सहज गाळतां येते. मात्र मुलगा शेंगदाणे खाऊं लागला, कीं जबड्याचे स्नायू मेंदूपेक्षां मोठ्यानें बोलतात, आणि तेहि तालांत. झटक्याच्या लहरीहि तालबद्धच असतात! शिवाय प्रत्येक रोग्याचा ताल निराळा.

म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील अली शोएब व जॉन गटाग यांनीं संगणकाला ज्याच्या त्याच्या जुन्या झटक्यांवरून शिकविलें. २०१० सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणें, २४ रोग्यांच्या ९१६ तासांच्या नोंदींतील १७३ झटक्यांपैकीं शेंकडा ९६ संगणकानें ओळखले. पण त्या नोंदी डोकेंभर चकत्या लावून घेतलेल्या होत्या, आणि तरीहि खोटे इशारे साधारणतः दिवसाला दोन. यंत्र कमी हळवें केलें तर खरे झटके सुटतात; अधिक हळवें केलें तर आई रात्रीं व्यर्थ उठते, आणि माझ्या मतें आठवड्याभरांत असें यंत्र कपाटांत जाऊन पडेल.

इशारा खरा ठरला तरी यंत्र झटका थांबवीत नाहीं. तें काम जवळच्या माणसाचें. मुलाला हळूच कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा किंवा वहाण हुंगवूं नये, घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास इस्पितळांत न्यावें.